स्लॅब भरण्याआधी सळई कोण बघतं?

२४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाडमधली ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसं गेली. इमारत उणीपुरी दहा वर्षांची होती. महिनाभरातच, २१ सप्टेंबरला, भिवंडीत जिलानी इमारत पडली आणि मृतांचा आकडा चाळिशीच्या घरात गेला. त्याआधी २०१३ च्या एकाच वर्षात शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये ७४ आणि माझगावात बाबू गेनू मंडईच्या इमारतीत ६१ जीव गेले. २०१७ मध्ये घाटकोपरला १७. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या रमाबाई अपार्टमेंटमध्ये पुन्हा १७. यांपैकी एकाही दिवशी जमीन हलली नव्हती. या इमारती स्वतःचंच वजन पेलू शकल्या नाहीत.

अशा प्रत्येक घटनेनंतर ‘नियम कडक करा’ अशी मागणी होते. महाराष्ट्रात बांधकामाचे नियम कमी नाहीत. शंभराहून अधिक वर्षांची परंपरा त्यांच्यामागे आहे आणि गेल्या काही वर्षांत ते पुष्कळ सुटसुटीतही झाले. पण या नियमांची मांडणी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. परवानगी देणारं कार्यालय इमारतीचं क्षेत्रफळ, उंची, सामासिक अंतरं आणि पार्किंग बारकाईने मोजतं. ती इमारत उभी राहील की नाही, हे मात्र जवळपास संपूर्णपणे एका अभियंत्याच्या सहीवर सोडलेलं असतं. क्षेत्रफळ शासन मोजतं आणि ताकद मात्र विश्वासावर चालते, हीच आपल्या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी फट आहे.

ही मांडणी कुठून आली हे समजून घ्यायला हवं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळी रोगाचं घर ठरल्या आणि १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. घराला उजेड किती, दोन इमारतींत मोकळी जागा किती, गल्ली किती रुंद, असेच प्रश्न त्या काळच्या नियमांपुढे होते. १९१५ आणि १९५४ चे नगररचना कायदे, मग १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, असा तो धागा पुढे येतो. मुंबईच्या १९६७ च्या विकास नियंत्रण नियमांत चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवणारा आकडा, आला आणि त्यानंतर नियमावलीचा सगळा रोख त्या एका आकड्याभोवती फिरू लागला. जमिनीची किंमत त्याच्याशी बांधली गेली. वाढीव निर्देशांकावरचं अधिमूल्य महापालिकांच्या उत्पन्नाचा आधार झालं. वकील, वास्तुविशारद, विकासक, नगरसेवक सगळ्यांना निर्देशांकाची गणितं तोंडपाठ झाली. सळईचं गणित मात्र बाजूलाच राहिलं.

मुंबई वगळता उरलेल्या राज्यात २०२० पर्यंत वेगवेगळ्या नियमावल्या होत्या. पुण्याला एक, नगरपालिकांना दुसरी, प्रादेशिक योजनेतल्या गावांना तिसरी. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि एमआयडीसी, नैना, गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं असे काही अपवाद सोडून राज्याला एक नियमावली मिळाली. मुंबई २०१८ च्या स्वतंत्र नियमावलीखाली राहिली. एकत्रीकरणाचं हे काम मोठं होतं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. लहान घर बांधणाऱ्याची यातना त्याने कमी झाली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर वास्तुविशारदाने किंवा परवानाधारक अभियंत्याने केलेला नकाशा जोडून शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी मानली जाते. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे.

सोय चांगली आहे. पण जी तपासणी कार्यालयाने सोडून दिली, ती दुसऱ्या कुणाच्या हाती दिली का? नियमावलीत संरचनात्मक सुरक्षेसाठी राष्ट्रीय बांधकाम संहितेचा हवाला आहे. इमारतीचा आराखडा तिच्या सहाव्या भागाप्रमाणे असावा, इतकं सांगून विषय पुढे जातो.

ही राष्ट्रीय संहिता १९७० मध्ये प्रथम आली. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिची नवी रूपं निघाली. भारतीय मानक ब्यूरोचे तज्ज्ञ ती तयार करतात आणि तांत्रिकदृष्ट्या ती कुठल्याही प्रगत देशाच्या संहितेशेजारी ठेवावी इतकी सखोल आहे. मात्र ती मुळात शिफारस आहे. इमारतींचं नियमन राज्यांच्या आणि स्थानिक संस्थांच्या अखत्यारीत येतं. राज्याने आपल्या नियमावलीत तिला जागा दिली तरच ती बंधनकारक होते. महाराष्ट्राने ती जागा दिली आहे. तरीही पालनाची खातरजमा करणारी माणसं आणि वेळापत्रक नसेल तर संहिता कपाटातच राहते.

आपली मानकं कशी घडली, याचा इतिहास मोठा दुःखद आहे, आणि त्यातली महत्त्वाची पानं महाराष्ट्राच्या मातीतली आहेत. भूकंपरोधक रचनेचं आयएस १८९३ हे मानक १९६२ मध्ये आलं. दख्खनचं पठार तेव्हा स्थिर, निर्धोक समजलं जाई. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाच्या भिंतीलाही तडे गेले. भूकंपाच्या धोक्यानुसार विभाग पाडणाऱ्या नकाशाच्या १९७० च्या सुधारणेत कोयनेचा परिसर चौथ्या विभागात गेला. बाकीचं पठार तसंच राहिलं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जन करून दमलेली गावं झोपेत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. नकाशात तो भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं मेली.

भूकंपाची तीव्रता जेमतेम सहाच्या वर होती. इतके बळी गेले ते घरांच्या बांधणीमुळे. दोन-तीन फूट रुंद दगडी भिंत, आत आणि बाहेर दगडाचा एकेक थर, मधे मातीचा भराव. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. डोक्यावर वर्षानुवर्षं थर चढवलेलं मातीचं माळवद. हादरा बसताच भिंतीचे दोन्ही थर सुटले आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. अशा घरासाठी काय करायचं, हे शास्त्राला ठाऊक होतं. जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली घराभोवती फिरणारे सळईचे आडवे पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळया, ठरावीक अंतरावर आरपार दगड. त्याच १९९३ मध्ये मातीच्या आणि कच्च्या दगडी घरांसाठी स्वतंत्र मानकंही आली. ती त्या गावांच्या गवंड्यांपर्यंत मात्र पोहोचलेली नव्हती.

किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात महाराष्ट्राने दोन वाटा धरल्या. ५२ गावं नव्या जागी हलली. बाकी हजारो गावांत लोकांनी सरकारी मदतीतून आपापली घरं स्वतः दुरुस्त आणि मजबूत केली. या दुसऱ्या वाटेवर गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. पट्टा म्हणजे काय, तो का घालायचा, पैशाचा हप्ता कधी मिळतो, हे त्यांनी शेजारणींना समजावलं. माझ्या मते बांधकाम सुरक्षेच्या बाबतीत या राज्याने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम ते होतं. ज्या घरात राहायचं त्या घराची सळई बघण्याचा अधिकार आणि समज घरधनिणीला मिळाली. कार्यक्रम संपला आणि ती व्यवस्थाही विरून गेली. राज्याने तिचं कायमस्वरूपी काही केलं नाही, याची हळहळ वाटते.

तिसरा धडा शेजारून आला. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं आणि केंद्रापासून अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत कित्येक बहुमजली इमारती बसल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता, फक्त खांबांवर उभा. वरचे मजले भिंतींनी ताठ आणि खालचा दुबळा. पुढच्या वर्षी मानक सुधारलं. पहिला विभाग रद्द झाला, किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला. म्हणजे किल्लारीच्या भूकंपानंतर नकाशा दुरुस्त व्हायला नऊ वर्षं लागली. २००२ च्या त्या नकाशात मुंबई आणि पुणेही याच तिसऱ्या विभागात होते आणि दोन्ही शहरांत मोकळ्या तळमजल्यावरच्या इमारती रस्त्यारस्त्याला दिसतात. २००२ च्या आधी बांधलेल्या अशा इमारतींची पद्धतशीर मोजदाद करून खांब मजबूत करण्याचा राज्यव्यापी कार्यक्रम आजही नाही.

आता जरा साइटवर जाऊ, कारण खरं यशापयश तिथेच ठरतं. खांबातल्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या आडव्या रिंगा असतात. आयएस १३९२० सांगतं की रिंगेचं टोक १३५ अंशात वाकवून खांबाच्या पोटात घाला. ९० अंशात वाकवलेलं टोक हादऱ्यात उघडतं, सळया बाहेर फुगतात आणि खांब मोडतो. १३५ अंशांना वाकवायला फिटरला थोडा जास्त वेळ लागतो, सळई किंचित जास्त लागते. बीम-खांबाच्या जोडाजवळ रिंगा दाट हव्यात. नेमक्या तिथेच हात घालायला जागा कमी, म्हणून नेमक्या तिथेच त्या विरळ होतात. कव्हर ब्लॉक न लावता सळई फळीला टेकली की काँक्रीटचं आवरण पातळ राहतं आणि कोकणच्या खाऱ्या हवेत ती काही वर्षांत गंजू लागते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. मुंबईत चाळिशी गाठलेल्या इमारतींच्या बाल्कन्यांखाली हे उघड दिसतं.

माल सैल व्हावा म्हणून मिक्सरमध्ये ओतलेलं जादा पाणी हा दुसरा शत्रू. ते काँक्रीटची ताकद खाऊन टाकतं. आयएस ४५६ सांगतं की साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस पाणी मारा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याखालचे चौदा दिवस हलवू नका. लांब बीमखालचे तर एकवीस दिवस. सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या असतात, भाडं दिवसाला चढतं, पुढची साइट वाट बघत असते. मे महिन्यात मराठवाड्यात टँकरचं पाणी विकत घेणारा घरमालक दहा दिवस स्लॅबवर पाणी साठवेल अशी अपेक्षा करताना त्याची अडचण ओळखायला हवी. ओलं पोतं अंथरून, प्लास्टिक झाकून कमी पाण्यातही काम भागतं, पण हे सांगणारा माणूस हवा.

या सगळ्यात एक मुद्दा कळीचा आहे. काँक्रीट ओतलं की आतली चूक दिसेनाशी होते. म्हणून स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी सळई तपासणं याला पर्याय नाही. नियमांनी जोता तपासणी ठेवली आहे, पण ती मुख्यतः इमारत नकाशातल्या जागेवर आहे का आणि अंतरं पाळली का, यासाठी. त्यानंतर थेट भोगवटा प्रमाणपत्र. मधले पाच-सात स्लॅब, म्हणजे इमारतीची सगळी ताकद, शासनाच्या नजरेआड भरली जाते.

तिथे असतो तो स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि त्याचं प्रमाणपत्र. तो आराखडा करतो, सही करतो आणि शेवटी इमारत सुरक्षित असल्याचा दाखला देतो. त्याची फी विकासक ठरवतो. ती बहुतेक ठिकाणी इतकी तुटपुंजी असते की प्रत्येक स्लॅबला जाऊन उभं राहणं परवडत नाही. देशात वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, नोंदणी आहे, परिषद आहे. अभियंत्यांसाठी तसा केंद्रीय कायदा नाही. प्रत्येक महापालिका आपापला परवाना देते. एका शहरात नाव खराब झालेल्या माणसाला दुसऱ्या शहरात काम करण्यापासून अडवणारी सामायिक यादी नाही. प्रामाणिक अभियंते या राज्यात पुष्कळ आहेत आणि त्यांनाच या ढिलाईचा सर्वाधिक त्रास होतो, कारण कमी पैशात डोळे मिटून सही देणाऱ्याशी त्यांची स्पर्धा असते. मुंबईत अतिउंच इमारतींचा आराखडा तज्ज्ञ समितीपुढे जातो. लेखाच्या सुरुवातीला दिलेल्या इमारती मात्र साधारण चार ते आठ मजल्यांच्या होत्या, आणि त्या उंचीच्या इमारतींकडे दुसरी तज्ज्ञ नजर जात नाही.

२०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकाच्या हाती एक हत्यार दिलं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेत दोष निघाला तर विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करायचा. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात. तालुक्याच्या गावातली दोन-तीन मजली इमारत सहसा नोंदणीत येत नाही.

इमारत वापरात आली की दुसरा प्रवास सुरू होतो. मुंबई आणि इतर महापालिकांच्या कायद्यांत ३० वर्षांवरील इमारतींचं संरचनात्मक लेखापरीक्षण बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ते करायला सांगितलं आहे. बाबू गेनू मंडईच्या दुर्घटनेत आणि घाटकोपरच्या दुर्घटनेतही तळमजल्यावर केलेले फेरफार चर्चेच्या केंद्रस्थानी होते. घराचं रूप पालटताना भिंत पाडली की खोली मोठी होते, हे सगळ्यांना दिसतं. त्यात एखादा खांब तासला गेला तर वरच्या सगळ्या बिऱ्हाडांचा जीव टांगणीला लागतो, हे तितकंसं कुणी मनावर घेत नाही. सोसायटीच्या कमिटीने अशा वेळी शेजारधर्म बाजूला ठेवून काम थांबवावं, इतकं हे गंभीर आहे.

दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींचं दुखणं वेगळं. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकाने दुरुस्तीतून अंग काढलं, म्हणून १९६९ मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ नेमलं. तेव्हा अशा १९ हजारांवर इमारती होत्या. २०१७ मध्ये भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून ३३ जण गेले, तेव्हा तिथल्या पुनर्विकासाचा आराखडा कागदावर तयार होता. ‘धोकादायक’ अशी नोटीस लागूनही लोक घर सोडत नाहीत, याला हट्ट म्हणून भागणार नाही. संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबं पिढी उलटली तरी परतली नाहीत, हे त्यांनी शेजारी पाहिलेलं असतं. परत येण्याची लेखी, मुदतबंद हमी आणि भाड्याचे पैसे हातात दिल्याशिवाय रिकामी करण्याची नोटीस निरुपयोगी ठरते.

आणि परवानगीच्या बाहेरचं जग तर केवढं तरी मोठं. लकी कंपाउंडची इमारत वनजमिनीवर काही महिन्यांत उभी केली होती. विरारची इमारतही अनधिकृत होती. स्वस्त घराची गरज खरी असते, म्हणून अशा इमारती भरतात. शासन काही वर्षांनी त्या नियमित करतं. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. लोकांना बेघर न करण्याची ही भूमिका मला मान्य आहे. पण नियमित करताना शुल्क आणि दंड यांच्यासोबत खांबांची तपासणी व्हायला हवी. नाहीतर आपण दुबळ्या इमारतीला फक्त कागद देतो. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच वीज-पाण्याची जोडणी आणि बँकेचं कर्ज द्यावं, असे निर्देश दिले. ते मनापासून पाळले गेले तर अनधिकृत बांधकामाची आर्थिक नाडीच आवळली जाईल.

सुरक्षेची चर्चा राहणाऱ्यांपाशी थांबते आणि बांधणारे विसरले जातात. जून २०१९ मध्ये पुण्यात कोंढव्याला संरक्षक भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, १५ गेले, त्यांत लहान मुलं होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात स्लॅबसाठी बांधलेली लोखंडी जाळी कोसळून पाच मजूर मेले. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळून सात. परांचीपासून खोदकामापर्यंत प्रत्येक गोष्टीचं मानक आहे. राष्ट्रीय संहितेचा सातवा भाग त्यासाठीच आहे. १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा आला, त्याच्या जोडीच्या उपकर कायद्याने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर लावला, २०११ मध्ये राज्यात कल्याणकारी मंडळ आलं. नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षेची नवी श्रम संहिता लागू झाल्यावर १९९६ चा कामगार कायदा तिच्यात सामावला आहे. मंडळाचं नाव आज नाक्यावरच्या मजुराला ठाऊक आहे ते मुख्यतः सुरक्षा संच आणि भांड्यांच्या संचामुळे. संसाराला त्याची मदत होते, यात शंका नाही. पण तोच पैसा साइटवर फिरणाऱ्या सुरक्षा निरीक्षकांवर, मजुरांच्या बोलीतल्या प्रशिक्षणावर आणि भिंतीपासून दूर, पक्क्या निवाऱ्यावर गेला तर संसाराचा कर्ता जिवंत राहील.

आगीबद्दल थोडक्यात. २००६ चा राज्याचा कायदा इमारतीच्या मालक-वापरकर्त्याला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायला लावतो. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जण आणि जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली. इथेही दुखणं तेच, कागदावरचा दाखला आणि प्रत्यक्ष यंत्रणा यांची गाठ घालून देणारा स्वतंत्र माणूस नसतो.

उपाय शोधायला फार लांब जावं लागत नाही. २०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुल योजनेत किमान २५ चौरस मीटरचं घर आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजारांचं मूळ अनुदान आहे. त्या घराच्या प्रत्येक टप्प्यावर ग्रामपंचायतीचा माणूस येतो, मोबाइलवर स्थाननोंदीसह फोटो काढतो आणि मगच पुढचा हप्ता सुटतो. राज्यातल्या सर्वांत गरीब माणसाचं घर शासन टप्प्याटप्प्याने बघतं. तो फोटो आज पैसा घरातच लागला याची खात्री करतो. त्यात दारावरच्या पट्ट्याची सळई दिसायलाच हवी, अशी एक अट घातली की किल्लारीत शिकलेलं पुन्हा वापरात येईल. हीच पद्धत शहरातल्या बहुमजली इमारतींना लावायला हवी. प्रत्येक स्लॅब भरण्याआधी, विकासकाने न निवडलेल्या दुसऱ्या अभियंत्याने सळई बघावी, फोटो आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांचे २८ दिवसांचे निकाल परवानगीच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसतील असे चढवावेत, आणि ते चढेपर्यंत पुढच्या मजल्याचं काम बंद राहावं. जिल्ह्याजिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, ठोकळे तपासायची यंत्रं त्यांच्याकडे आहेत. खर्चासाठी वाढीव निर्देशांकाच्या अधिमूल्यातला ठरावीक हिस्सा राखून ठेवता येईल. फ्लॅट घ्यायला गेलेल्या कुटुंबाला मग कार्पेट एरिया विचारता विचारता तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबचा निकालही मागता येईल, आणि तो दाखवणं विक्रेत्यावर बंधनकारक असेल.